मॅक्रो कोणी लिहावा?

माझ्या पहिल्या मॅक्रोने काम अर्धवट केलं आणि ते अर्धवट आहे हे मला तीन आठवडे कळलं नाही. मॅक्रो म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्याच्या प्रोग्रामला एकदा लिहून दिलेल्या सूचना; त्या चालवल्या की काम आपोआप होतं. काम साधं होतं. दर सोमवारी थकबाकीची यादी यायची, सात-आठशे ओळींची. ज्यांची शिल्लक शून्य त्या ओळी काढायच्या, उरलेल्या तीन गटांत लावायच्या, प्रत्येक गटाची बेरीज वर घ्यायची आणि यादी पुढे पाठवायची. दोन वर्षं मी हे हाताने करत होते. मॅक्रो लिहिताना सरळ विचार केला: वरून खाली जायचं, शून्य दिसलं की ओळ उडवायची, पुढच्या ओळीवर जायचं. बेरजा बरोबर येत होत्या, म्हणून मी निर्धास्त. मग यादी वाचणाऱ्या साहेबांनी विचारलं, "या शून्यवाल्या ओळी मधूनच का दिसतात?"

उत्तर शोधायला एक अख्खी दुपार गेली. पाचवी ओळ काढली की सहावी वर सरकते आणि पाचवी होते. मॅक्रो मात्र आपल्या मोजणीप्रमाणे सहावीकडे निघून जातो. लागोपाठ दोन शून्यं आली की दुसरं दर वेळी सुटतं. उपाय एका ओळीचा होता: तळापासून सुरुवात करून वर चढायचं. पुढे कळलं की मॅक्रो शिकणारे बरेच जण या खड्ड्यात एकदा पडून येतात.

हाताने करताना ही चूक माझ्याकडून कधी झाली नव्हती. ओळ सरकली की नजरही तिच्याबरोबर सरकते, मनाला त्याचा पत्ताही लागत नाही. मॅक्रो लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की हे काम मला येत होतं, पण सांगता येत नव्हतं. 'शून्य शिल्लक' म्हणजे काय, इथपासून अडलं. रिकामा रकाना शून्य धरायचा का? काही ठिकाणी आकड्याऐवजी आडवी रेघ असायची, तिचं काय? जी शिल्लक पडद्यावर शून्य दिसते पण आत ०.००४ असते, ती ठेवायची की काढायची? या सगळ्याचे निर्णय मी दर सोमवारी घेत होते, आणि बहुधा दर सोमवारी थोडे वेगळे घेत होते.

कार्यालयात काम करणाऱ्या साध्या माणसाने मॅक्रो लिहायला शिकावं का, यावर बोलणं होतं ते जवळजवळ नेहमी वेळेच्या हिशेबात. इतक्या तासांचं काम इतक्या मिनिटांत. हिशेब खोटा नाही, पण मला तो दुय्यम वाटतो. मॅक्रो लिहिताना माणूस आपल्या कामाचा नियम पहिल्यांदा लेखी मांडतो, आणि माझं म्हणणं असं की ज्याच्या हातून ते काम रोज जातं त्यानेच तो मांडला पाहिजे. बाहेरच्या प्रोग्रामरने तो मांडला तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला नियम लिहिला जातो. आणि दुसरी गोष्ट: कार्यालयाने हे उघडपणे होऊ दिलं पाहिजे. मी पाहिलेल्या कार्यालयांत ते होतंच, पण चोरून.

मॅक्रो हा शब्द प्रोग्रामरांचाच. १९५० च्या दशकात यंत्राच्या जवळच्या भाषेत लिहिताना त्याच त्या सूचना पुन्हा पुन्हा लिहाव्या लागत. म्हणून सूचनांच्या गठ्ठ्याला एक नाव द्यायचं आणि नाव घेतलं की गठ्ठा उलगडायचा, अशी सोय निघाली. १९७६ साली तयार झालेल्या ईमॅक्स या मजकूर-संपादनाच्या प्रोग्रामच्या नावातला 'मॅक' तोच. कार्यालयांत मॅक्रो घरोघरी झाला तो मात्र १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या तक्त्यांच्या प्रोग्राममुळे. तिथला मॅक्रो म्हणजे तुम्ही दाबलेल्या कळांची यादी, आणि ती लिहायची कुठे, तर त्याच तक्त्याच्या रकान्यांत, आकड्यांच्या शेजारी. एंटर दाबायचं असेल तिथे लाटेसारखं एक चिन्ह टाकायचं. आपण कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबतो हे ज्याला ठाऊक होतं, त्याला मॅक्रो लिहिता येत होता. वर्डमध्ये १९८९ पासून मॅक्रोसाठी वर्डबेसिक ही भाषा होती, आणि १९९३ मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीबरोबर व्हीबीए आलं, ज्या भाषेत एक्सेलचे मॅक्रो आजही लिहिले जातात. 'आता हे जाणार' असं त्याच्याबद्दल कित्येकदा ऐकलं. मॅक संगणकांवरच्या २००८ च्या ऑफिसमधून ते खरोखर काढलंही गेलं होतं, आणि २०११ च्या आवृत्तीत मुकाट्याने परत आणावं लागलं. एवढा इतिहास सांगितला तो एवढ्यासाठी की कार्यालयातला मॅक्रो हा वापरणाऱ्याच्या बोटांतून आलेला प्रकार आहे. तो तज्ज्ञांचा प्रांत आहे ही समजूत नंतरची.

शिकणारा सुरुवात करतो रेकॉर्डरपासून. बटण दाबा, काम करा, थांबवा, मॅक्रो तयार. पहिल्यांदा चालतो तेव्हा जादूच वाटते. पुढच्या आठवड्यात यादी आठशेऐवजी नऊशे ओळींची येते आणि मॅक्रो आठशेव्या ओळीवर थांबतो. थांबेल नाही तर काय? तुम्ही त्याला 'शेवटपर्यंत' असं सांगितलंच नव्हतं, आठशेव्या ओळीपर्यंत हाताने नेऊन दाखवलं होतं. रेकॉर्डर हात बघतो, मन बघत नाही. त्याला 'जर' माहीत नाही, 'जोपर्यंत' माहीत नाही. नेमकं इथेच बरेच जण सोडून देतात, आणि एक्सेलचे 'प्रगत' म्हणवणारे वर्गही याच उंबरठ्यावर संपतात.

वास्तविक शिकायचं असतं ते इथून पुढे. रेकॉर्डरने लिहिलेला कोड उघडायचा. त्यात जागोजागी 'सिलेक्ट', 'सिलेक्ट' असं पीक आलेलं असतं, कारण तुम्ही माउसने जिथे जिथे टिचकी मारली ती प्रत्येक टिचकी त्याने इमानाने उतरवलेली असते. ते तण उपटायचं आणि मोकळ्या जागेत आपले 'जर' पेरायचे. एफ ८ ची कळ दाबत एकेक ओळ चालवून पाहायची, पिवळी पट्टी कुठे जाते आणि तक्त्यात काय बदलतं हे दोन्ही एकाच वेळी बघायचं. मला या कळेने जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही. आणि हे सगळं फाईलच्या नकलेवर करायचं, कारण मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल झेडने मागे घेता येत नाही. हे प्रत्येक जण एकदा पोळल्यावरच शिकतो. मीही. भाषा म्हणून व्हीबीएचा पसारा मोठा असेल, पण कार्यालयातल्या कामाला लागतं ते थोडं: जर-तर, आवर्तन (तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवणं), दोन-चार प्रकारचे चल (बदलत्या किमती ठेवायला दिलेली नावं), आणि पानाला-रकान्याला नावाने हाक मारायची रीत. रोज अर्धा-पाऊण तास दिला तर दोन-तीन महिन्यांत एवढं हाताशी येतं, असा माझा आणि मी ज्यांना शिकवलं त्यांचा अनुभव.

आता हे 'जर' येतात कुठून? एकाच ग्राहकाचं नाव यादीत तीन प्रकारे लिहिलं जातं, हे ती यादी रोज हाताळणाऱ्याला ठाऊक असतं. एका शाखेची फाईल कायम एक रकाना जास्त घेऊन येते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी आलेल्या नोंदी पुढच्या महिन्यात धरायच्या, पण वर्षअखेरीला तसं करायचं नाही. हे कुठल्याही नियमपुस्तिकेत नसतं. बाहेरचा प्रोग्रामर म्हणतो, "तुमच्या गरजा लिहून द्या." आपण मनापासून लिहून देतो, आणि त्यात यातलं काहीच नसतं. आपल्याला त्या गरजा वाटतच नाहीत, त्या आपल्या अंगवळणी पडलेल्या असतात. मग महिनोन्‌महिने खपून सुबक प्रणाली येते, आणि पहिल्याच महिनाअखेरीला तिच्या शेजारी कोणीतरी गुपचूप एक एक्सेल फाईल उघडतं. त्यात प्रोग्रामरची चूक नसते. शिवाय आठवड्याला चाळीस मिनिटं खाणाऱ्या कामाचा संगणक विभागाच्या रांगेत कधी नंबर लागत नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर लागूही नये. त्यांच्यापुढे याहून मोठी कामं असतात.

या भूमिकेवरचा सगळ्यात जोरदार आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो पोकळ नाही. १९९५ मध्ये 'कन्सेप्ट' नावाचा वर्डचा मॅक्रो विषाणू पसरला. त्याने विशेष नुकसान केलं नाही, पण कागदपत्राच्या पोटातून विषाणू फिरू शकतो हे जगाला दाखवून दिलं. २६ मार्च १९९९ ला 'मेलिसा' आला. वर्डची फाईल उघडली की तो आउटलुकच्या पत्त्यांतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःला पाठवायचा, आणि पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं असल्यामुळे समोरचाही ती फाईल उघडायचा. मोठमोठ्या कंपन्यांना आपली ईमेल-यंत्रणा बंद ठेवावी लागली. मेलिसा लिहिणाऱ्याला २००२ मध्ये वीस महिन्यांची कैद झाली, पण मॅक्रोवाटे घुसखोरी पुढेही चालूच राहिली. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले व्हीबीए मॅक्रो यापुढे मुळातच अडवले जातील. मला तो निर्णय पटतो. उशिरा आला असंच वाटतं.

पण त्या निर्णयात एक भेद होता तो बघा. बाहेरून आलेली फाईल वेगळी, आपल्या कार्यालयात ठरावीक जागी ठेवलेली वेगळी. विश्वासू फोल्डर ठरवता येतो, मॅक्रोवर डिजिटल सही करता येते, सही नसलेले सगळे अडवता येतात. एवढी सोय असताना अनेक कार्यालयं सरसकट बंदी घालून मोकळी होतात. चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि बंदी आली म्हणून कामाची पुनरावृत्ती थांबत नाही, ती फक्त हातावर येते. हातानं केलेलं काम सुरक्षित असतं हा एक गोड गैरसमज आहे. २०१२ मध्ये जेपी मॉर्गन या बँकेला एका व्यवहार-मालिकेत सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. बँकेने स्वतःच नेमलेल्या गटाच्या चौकशीत निघालं की जोखीम मोजण्याचं एक नवं प्रतिमान (मॉडेल) एक्सेलच्या फायलींच्या साखळीवर चालत होतं, आणि एका फाईलमधून दुसरीत आकडे हाताने उचलून डकवले जात होते. एका ठिकाणी सरासरीने भागायचं तिथे बेरजेने भागलं गेलं होतं, त्यामुळे अस्थिरता होती त्याहून कमी दिसली. तोट्याचं कारण एवढंच होतं असं कोणी म्हणणार नाही. तरी एवढ्या मोठ्या बँकेत एवढं महत्त्वाचं काम कॉपी-पेस्टवर चाललं होतं, हे विसरण्यासारखं नाही.

माझ्या विरोधात जाणारं उदाहरणही देते, कारण ते मला जास्त शिकवून गेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून गळाल्याचं उघड झालं. प्रयोगशाळांकडून येणारे निकाल आपोआप एक्सेलच्या साच्यात ओढले जात होते, आणि तो साचा जुन्या एक्सएलएस प्रकारचा होता. त्या प्रकारात पानाला ६५,५३६ ओळी मावतात. २००७ पासूनच्या नव्या प्रकारात १०,४८,५७६ मावतात. ओळी संपल्यावर पुढचे निकाल नुसते गळून गेले आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. म्हणजे काम आपोआप होत होतं आणि तरीही चुकत होतं, आणि चुकताना आवाज करत नव्हतं. हाताने डकवणाऱ्याला कदाचित 'एवढं मावत नाही' अशी सूचना दिसली असती.

यावर मी जे शिकले ते फार साधं आहे. आत किती ओळी आल्या, त्यांतल्या किती गाळायच्या होत्या, बाहेर किती गेल्या, हे तीन आकडे माझा प्रत्येक मॅक्रो शेवटी दाखवतो. जुळले नाहीत तर यादी पाठवू देत नाही. मेहनत चार-पाच ओळींची. शून्यवाल्या ओळींची माझी चूक या चार ओळींनी पहिल्याच दिवशी पकडली असती. एरवी व्हीबीएमध्ये एक वाक्य आहे, 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट', म्हणजे चूक झाली तरी गप्प बसून पुढच्या ओळीवर जा. अनेक जण चूक सांगणाऱ्या खिडकीचा त्रास नको म्हणून हे वाक्य मॅक्रोच्या डोक्यावरच ठेवतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत. मला विचाराल तर मॅक्रोंवर सरसकट बंदी घालण्यापेक्षा या एका वाक्याच्या अशा वापरावर बंदी घातली तर कार्यालयांचं जास्त भलं होईल.

दुसरा आक्षेप पोरक्या मॅक्रोचा. लिहिणारा बदलून गेला, निवृत्त झाला, आणि मागे एक फाईल राहिली. तिच्यातलं हिरवं बटण दाबायचं एवढंच सगळ्यांना ठाऊक. ते बटण काय करतं हे कोणालाच ठाऊक नाही, आणि हात लावायची हिंमत कोणात नाही. हे मी पाहिलं आहे. या आक्षेपापुढे माझा युक्तिवाद थोडा लंगडा पडतो, कारण काम करणाऱ्याने लिहिलेला मॅक्रो बहुधा स्वतःपुरताच लिहिलेला असतो. चलांची नावं एक्स, वाय, टेम्प, टेम्प दोन. तशीही संगणकाच्या जगात चुका वारशाने येतात. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण लोटस १-२-३ ते लीप वर्ष मानायचं आणि त्याच्याशी जुळवून घ्यायला एक्सेलनेही तेच मानलं. आजही एक्सेलच्या दिनदर्शिकेत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उगवलेला दिवस आहे. मोठ्या कंपन्यांचं हे, तर आपल्या टेम्प दोनचं काय घेऊन बसलात!

तोडगा म्हणून सगळे सांगतात की कोडमध्ये शेरे लिहा, प्रत्येक भाग काय करतो ते मजकुरात सांगा. बरोबर आहे, पण इथे आपल्यासारख्यांची एक खास पंचाईत होते. व्हीबीएचा कोड ज्या खिडकीत लिहायचा त्या संपादकाला युनिकोड (सगळ्या लिपींच्या अक्षरांना अंक देणारी पद्धत) धड येत नाही. तिथे देवनागरीत शेरा लिहिला की प्रश्नचिन्हांची ओळ उमटते. 'मराठी' एवढा शब्द संदेशात दाखवायचा तर २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असे पाच अंक एका फंक्शनला एकेक करून द्यायचे आणि जोडायचे. आणि एवढं करूनही साध्या मेसेज बॉक्समध्ये तो शब्द नीट उमटेल याची खात्री नसते. यातून मला एक वळण मिळालं जे पुढे फार उपयोगी पडलं. तक्त्याच्या रकान्यांना देवनागरी उत्तम येते. म्हणून मी प्रत्येक फाईलमध्ये पहिलंच एक पान ठेवते, नाव 'आधी वाचा'. त्यावर मॅक्रोचे नियम क्रमांक घालून मराठीत लिहायचे: रिकामा रकाना म्हणजे शून्य, आडवी रेघ असेल तर ओळ ठेवा, अमुक शाखेच्या फाईलचा चौथा रकाना सोडा. कोडमध्ये प्रत्येक भागाच्या वर फक्त नियमाचा क्रमांक. संपादकाच्या अडचणीमुळे झालं असं की नियम कोडमधून बाहेर आला आणि कोड न येणाऱ्यालाही वाचता येऊ लागला. पोरकेपणावर याहून चांगला इलाज मला तरी सापडलेला नाही.

तो इलाज कार्यालयाच्या मदतीशिवाय चालत नाही, आणि इथे खरं दुखणं आहे. मॅक्रो लिहिणारे तो लपवतात. का? कारण ज्या दिवशी कळतं की तुमचं चार तासांचं काम दहा मिनिटांत होतं, त्या दिवशी तुमच्या टेबलावर आणखी चार तासांचं काम येतं. एकदा हा अनुभव घेतलेला माणूस पुढचा मॅक्रो गुपचूप लिहितो. सकाळी दहा मिनिटांत यादी करतो आणि दुपारी तीन वाजता पाठवतो. त्याला कामचुकार म्हणणं सोपं आहे. मला तो शहाणा वाटतो, आणि त्याच्या शहाणपणाने कार्यालयाचं नुकसान होतं. लपवलेला मॅक्रो कोणी तपासत नाही. त्याच्या फाईलमध्ये 'आधी वाचा' नसतं, असलं तर पुरावा होईल. पोरके मॅक्रो जन्माला येतात ते इथे.

वाचलेला वेळ कोणाचा, या प्रश्नाला कार्यालयाचं उत्तर तयार असतं: पगार वेळेचा देतो, वेळ आमचा. कायद्याने असेलही. पण मॅक्रो लिहिण्याची अक्कल पगाराच्या करारात नव्हती, आणि बऱ्याचदा ती माणसाने संध्याकाळी घरी बसून मिळवलेली असते. माझा प्रस्ताव मधला आहे. वाचलेल्या वेळेचा ठरलेला हिस्सा, निदान पहिलं वर्ष, त्या माणसाकडेच राहावा: मॅक्रो नीट करायला, नियमांचं पान लिहायला, शेजाऱ्याला शिकवायला. यात कार्यालयाचं काही जात नाही, कारण ती चार तासांची यादी तशीही चार तास घेतच होती. आणि मॅक्रोमुळे एखादी जागाच गेली तर? जाऊ शकते. याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच दिसतं की न शिकल्याने ती जागा वाचत नाही. मग ते काम दुसरं कोणी बाहेरून येऊन यंत्रावर चढवतं, आणि नियम मांडताना आपल्याला कोणी विचारत नाही.

हल्ली नवा प्रश्न येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेला साध्या मराठीत सांगितलं की ती मॅक्रो लिहून देते, मग शिकायचं कशाला? मीही लिहून घेते. टंकायचा कंटाळा वाचतो. पण नुकतंच घडलेलं सांगते. एक मजकुरी फाईल उघडून तिच्यातल्या तारखा महिन्यांप्रमाणे लावायचा मॅक्रो मी यंत्राकडून घेतला. देखणा कोड होता, चाललाही. फक्त ३ एप्रिलच्या नोंदी ४ मार्चला जाऊन बसल्या. कारण असं की स्वल्पविरामांची मजकुरी फाईल आपण माउसने उघडतो तेव्हा एक्सेल आपल्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे आधी दिवस, मग महिना वाचतो. तीच फाईल व्हीबीएमधून उघडली की तो अमेरिकी रिवाजाने आधी महिना वाचतो, जोपर्यंत 'लोकल' हा पर्याय आपण मुद्दाम चालू करत नाही. ही चूक सांगणारी खिडकी उघडत नाही. बारा तारखेपर्यंतच्या जवळजवळ सगळ्या नोंदी शांतपणे दुसऱ्या महिन्यात निघून जातात. मला कळलं कारण मला ती यादी ओळखीची होती आणि मार्च फुगलेला दिसला. याउलट ओळी मोजायला 'इंटिजर' हा लहान आकड्यांचा चल वापरायची चूक निदान बोलते: ३२,७६७ च्या पुढे गेलं की 'ओव्हरफ्लो' म्हणून मॅक्रो अडतो. बोलणाऱ्या चुका यंत्राला दाखवून दुरुस्त करून घेता येतात. मुक्या चुका काम ओळखणाऱ्याला आणि कोड वाचता येणाऱ्याला, अशा दोन्ही गुणांच्या एकाच माणसाला सापडतात. म्हणून लिहिण्याचा भार यंत्रावर टाकला तरी वाचायला शिकण्यातून सुटका नाही. शिकवण्याचा क्रमही आता बदलावा असं मला वाटतं: आधी दुसऱ्याचा मॅक्रो वाचायला, त्यातली चूक धरायला शिकवा, मग लिहायला.

सगळ्या गोष्टींचे मॅक्रो करत सुटायचं, असं मात्र माझं अजिबात म्हणणं नाही. वर्षातून एकदाच करायच्या कामासाठी मॅक्रो लिहिणं म्हणजे हौस. जे सूत्राने होतं, पिव्होट तक्त्याने होतं, किंवा एक्सेलमध्ये २०१६ पासून आतच असलेल्या पॉवर क्वेरीने होतं, त्याला मॅक्रो लावू नये. चार फायली जोडणं, नको ते रकाने टाकणं ही कामं पॉवर क्वेरी जास्त स्वच्छपणे करते आणि पायऱ्या वाचता येतील अशा ठेवते. व्हीबीएच शिकावं असाही हट्ट नाही. लिब्रेऑफिसमध्ये बेसिक आणि पायथन दोन्ही चालतात. गूगलच्या तक्त्यांत २००९ पासून ॲप्स स्क्रिप्ट आहे, ती जावास्क्रिप्टवर आधारलेली, आणि तिथे देवनागरी शेरे बिनबोभाट लिहिता येतात. जिथे काम चालतं तिथली भाषा घ्यावी. 'जर' सगळीकडे सारखाच असतो.

त्या सोमवारच्या यादीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. माझं टेबल बदललं आणि यादी एका नव्या मुलाकडे गेली. त्याला मॅक्रो येत नव्हते. 'आधी वाचा' हे पान मात्र त्याने खरोखर आधी वाचलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. "मॅडम, नियम सहा. तिसरा गट वेगळा का करायचा?" मला सांगता येईना. मी आले तेव्हापासून तीन गट होते. साहेबांना विचारलं, त्यांनाही आठवेना. त्यांनी यादी ज्या विभागाकडे जाते तिथे फोन लावला. तो गट एका सवलतीसाठी होता आणि ती सवलत बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मी दोन वर्षं हाताने, माझ्या आधीच्या बाईंनी देवाला ठाऊक किती, आणि मग मॅक्रोने, आम्ही सगळ्यांनी दर सोमवारी तो गट नेमाने वेगळा काढला होता. पुढच्या आठवड्यात मी फाईल उघडून पाहिली. त्या मुलाने एफ ८ दाबत दाबत नियम सहाच्या सतरा ओळी शोधून काढल्या होत्या आणि पुसल्या होत्या. 'आधी वाचा' पानावर सहाव्या क्रमांकासमोर तारीख घालून लिहिलं होतं: "गरज नाही. विचारून खात्री केली."